धर्मानंद दामोदर कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६, साखवाळ, गोवा, ४ जून १९४७, सेवाग्राम) हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे प्रकांड पंडित, मराठी लेखक आणि अध्यापक होते. कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा न देता त्यांनी कलकत्ता विद्यापीठ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ आणि सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथे अध्यापन व संशोधन केले. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन हे त्यांचे सर्वांत मोठे विद्वत्कार्य समजले जाते. 'निवेदन' हे आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' हे बुद्धचरित्र हे त्यांचे मराठीतील विशेष प्रसिद्ध ग्रंथ होत. गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र.

बालपण आणि शिक्षण

धर्मानंदांचा जन्म पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामोदर व आईचे आनंदीबाई. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते आणि लहानपणी त्यांची प्रकृती अशक्त होती. त्या काळी गोव्यात सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत चाले. मराठी शिकण्याची सोय गावोगावच्या खासगी शाळांपुरतीच मर्यादित होती. अशा शाळेत जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण झाल्यावर त्यांचे शालेय शिक्षण थांबले. इंग्रजी शाळेत ते कधी गेले नाहीत आणि मॅट्रिकच्या परीक्षेलाही बसले नाहीत. कुटुंबाचा चरितार्थ नारळाच्या बागांवर चाले. त्या बागांची देखभाल करणे हेच त्यांचे तरुणपणीचे काम होते.

१८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह गोव्यातील चिखली येथील लाड घराण्यातील बाळाबाई यांच्याशी झाला. घरकामातून वेळ काढून मिळतील ती मराठी पुस्तके व मासिके वाचण्याचा त्यांचा क्रम होता. तुकारामांच्या अभंगांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. संसारात मन रमत नव्हते आणि ज्ञान मिळवण्याची इच्छा वाढत होती. घर सोडण्याचा आरंभीचा प्रयत्न मात्र फसला आणि त्यांना परत यावे लागले.

याच काळात विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांसाठीच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. हे वाचन त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मूळ ग्रंथांतून मिळवायचे, त्यासाठी प्रथम संस्कृत शिकायचे आणि त्यापायी कितीही कष्ट पडले तरी मागे हटायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. त्या वेळी मराठीत बौद्ध धर्मावरचे वाङ्मय फारच थोडे होते. पाली शिकवणारी संस्थाही महाराष्ट्रात नव्हती.

गृहत्याग आणि विद्येसाठी भ्रमण

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची थोरली कन्या माणिक तान्ही होती. पत्नी व मूल नातेवाइकांच्या आधारावर ठेवून ते पुण्याला आले. तेथे त्यांचा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याशी परिचय झाला आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींचे साहाय्य मिळाले. पुण्यात संस्कृतचा अभ्यास सुरू झाला, पण जवळ पैसा नसल्याने तो फार काळ चालू शकला नाही. इंदूर, उज्जैन व ग्वाल्हेर या मराठी संस्थानी वस्तीच्या मार्गाने ते काशीला पोहोचले.

काशीतील वास्तव्य कष्टाचे होते. संस्कृत शिकणाऱ्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी तेथे अन्नछत्रे चालत. त्यांपैकी एका छत्रात जेवून धर्मानंद पंडितांच्या घरी पाठ घेत. गंगाधरशास्त्री तेलंग आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी हे त्यांचे काशीतील गुरू होत. प्लेगच्या साथीने शहर हैराण असतानाही त्यांनी व्याकरण व साहित्य यांचा अभ्यास सोडला नाही. बौद्ध धर्मासाठी घर सोडले होते, तरी त्या धर्माचे शिक्षण देणारा गुरू काशीत मिळण्यासारखा नव्हता. संस्कृतचा पाया पक्का झाल्यावर १९०२ च्या आरंभी ते नेपाळला गेले.

नेपाळात बौद्ध धर्म अद्याप जिवंत आहे, असे त्यांनी ऐकले होते. प्रत्यक्षात काठमांडूच्या बौद्ध समाजात अध्ययनाची परंपरा क्षीण झालेली पाहून त्यांची निराशा झाली. तेथून ते बोधगयेला आले. पाली ग्रंथांचे शिक्षण सिंहलद्वीपात मिळेल, असा सल्ला त्यांना तेथे मिळाला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते त्याच वर्षी कोलंबोला पोहोचले.

सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्या काळातील श्रेष्ठ पाली पंडित होते. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली भाषेच्या अध्ययनास आरंभ केला. संस्कृतची तयारी असल्याने पाली व्याकरण त्यांना लवकर अवगत झाले. श्रीलंकेतील ग्रंथ सिंहली लिपीत होते, म्हणून ती लिपीही त्यांनी आत्मसात केली. ज्या त्रिपिटकाचे केवळ नाव त्यांनी ऐकले होते, त्यातील सुत्ते आता ते मुळातून वाचू लागले.

पुढे ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी भिक्षुसंघात उपसंपदा घेतली, बर्मी लिपी शिकली आणि पाली अध्ययनाबरोबर ध्यानमार्गाचाही अभ्यास केला. मधल्या काळात भारतात येऊन त्यांनी सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी, बोधगया या बौद्ध क्षेत्रांची यात्रा केली. यातील बराच प्रवास त्यांनी भिक्षापात्र घेऊन पायी केला. घर सोडताना केलेला संकल्प सुमारे सहा वर्षांत पुरा झाला होता. पाली त्रिपिटक मुळातून वाचणारे, सिंहली व बर्मी या दोन्ही लिपींतील पोथ्या हाताळू शकणारे आणि संस्कृतचीही तयारी असणारे अभ्यासक त्या वेळी भारतात फारच थोडे होते.

कलकत्ता

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीतून त्या वर्षी तेथे राष्ट्रीय शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले होते. त्यात पाली शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले. नंतर कलकत्ता विद्यापीठातही त्यांची पालीच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली. बहुभाषाकोविद हरिनाथ डे आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना त्यांच्या विद्वत्तेची पारख झाली होती. ज्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही ते देऊ शकले नसते, त्याच विद्यापीठात ते अध्यापक झाले.

याच सुमारास त्यांनी चीवर उतरवून पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. सुमारे सात वर्षांनी ते गोव्यास गेले आणि बाळाबाईंची व मुलीची भेट झाली. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. पुढे मनोरमा व कमला या आणखी दोन कन्या झाल्या. कुटुंब एकत्र आले, तरी धर्मानंदांचा मुक्काम पुढील आयुष्यातही वारंवार घराबाहेर, बहुधा परदेशात पडत राहिला. घरसंसाराचा भार प्रामुख्याने बाळाबाईंनीच वाहिला.

सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य

कलकत्त्यात स्थिर नोकरी व मान मिळत असतानाही धर्मानंदांना समाधान नव्हते. आपण मिळवलेले ज्ञान मराठी भाषकांपर्यंत पोहोचावे, ही त्यांची मूळ इच्छा होती आणि बंगालमध्ये राहून ती पुरी होण्यासारखी नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्मावर ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. कलकत्ता विद्यापीठातील वेतन याहून बरेच अधिक होते. तरीही धर्मानंदांनी ते सोडून ही वृत्ती पत्करली आणि १९०८ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले.

बडोद्यात त्यांनी बौद्ध धर्मावर व्याख्याने दिली. त्यांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये सिद्ध झाले. मूळ पाली आधारांवरून सामान्य वाचकासाठी लिहिलेले हे मराठीतील आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा समावेश झाला. या कामी धर्मानंदांची मदत मोलाची ठरली.

हार्वर्ड आणि 'विसुद्धिमग्ग'

हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स हे याच काळात भारतात आले होते. त्यांनी धर्मानंदांकडे पालीचा अभ्यास केला. परत गेल्यावर त्यांनी धर्मानंदांना हार्वर्डला बोलावून घेतले. तेथे एक मोठे काम दहा वर्षांहून अधिक काळ अडून राहिले होते.

'विसुद्धिमग्ग', म्हणजे विशुद्धिमार्ग, हा ग्रंथ बुद्धघोषाचार्यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपुराच्या महाविहारात रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन विभागांत थेरवाद बौद्ध धर्माची संपूर्ण साधना व तत्त्वज्ञान त्यात मांडलेले आहे. ग्रंथाची २३ प्रकरणे आहेत. त्रिपिटकातील असंख्य उतारे त्यात येतात आणि अभिधम्माच्या परिभाषेवाचून तो समजत नाही. अमेरिकन विद्वान हेन्री क्लार्क वॉरन यांनी सिंहली व बर्मी हस्तलिखितांवरून त्याची रोमन लिपीतील संहिता तयार करण्यास घेतली होती. १८९९ मध्ये वॉरन यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स रॉकवेल लॅनमन हे संस्कृतचे मोठे पंडित होते. मात्र हे संपादन पुरे करण्यासाठी त्रिपिटक व अभिधम्म यांच्या जिवंत अध्ययनपरंपरेत तयार झालेल्या विद्वानाची गरज होती.

१९१० मध्ये धर्मानंद इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले. त्यांचे इंग्रजी त्या वेळी बेताचे होते आणि बरेचसे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने मिळवले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे राहून त्यांनी वॉरन यांची संहिता तपासणे, पाठभेद निश्चित करणे आणि उताऱ्यांची मूळ स्थळे शोधणे हे काम हाती घेतले. फुरसतीच्या वेळात ते समाजशास्त्र व समाजवाद यांवरील ग्रंथ वाचत. अमेरिकेतील श्रीमंती आणि कामगारांची स्थिती यांच्या निरीक्षणातून त्यांच्या मनात समाजवादाविषयी आस्था निर्माण झाली. ती पुढे शेवटपर्यंत टिकली.

ग्रंथाच्या संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे असावे, यावरून धर्मानंद व लॅनमन यांच्यात तीव्र मतभेद झाले. केलेल्या कामाचा योग्य उल्लेख होणार नसेल तर तेथे राहण्यात अर्थ नाही, अशी धर्मानंदांची भूमिका होती. काम अपुरे टाकून ते १९१२ मध्ये भारतात परतले.

यानंतरही हार्वर्डला त्यांच्यावाचून हे काम पुरे करता आले नाही. प्राध्यापक वुड्स यांच्या आग्रहावरून ते १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले. या वेळी माणिक व दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर होती. १९२२ पर्यंत ते तेथे राहिले. १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा आणि १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा त्यांनी हार्वर्डला वास्तव्य केले. तिसऱ्या खेपेस संहितेचे काम त्यांनी पुरे केले. तरीही ग्रंथ छापून प्रसिद्ध होण्यास १९५० साल उजाडले. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून तो निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर मूळ संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव होते. त्या वेळी धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

हार्वर्डच्या आवृत्तीची वाट न पाहता धर्मानंदांनी देवनागरी लिपीत 'विसुद्धिमग्गा'ची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली होती. ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. या ग्रंथावर त्यांनी 'विसुद्धिमग्गदीपिका' ही पाली टीकाही लिहिली. 'अभिधम्मत्थसंगह' या अभिधम्माच्या प्रवेशग्रंथावर त्यांनी 'नवनीत' नावाची टीका रचली. भारतात अनेक शतके खंडित झालेली पाली टीकालेखनाची परंपरा या ग्रंथांनी पुन्हा सुरू झाली.

फर्ग्युसन महाविद्यालय

१९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया या वर्षांत घातला गेला. पुढे नामवंत बौद्ध विद्याविशारद झालेले पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे त्यांचे येथील विद्यार्थी. बापट यांनी नंतर हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना हा होता. चिमणरावाच्या कथांनी मराठी वाचकांना परिचित असलेले विनोदी लेखक चिंतामण विनायक जोशी यांनीही पालीचे शिक्षण धर्मानंदांकडे घेतले आणि पुढे पालीचे अध्यापन केले. चिं. वै. राजवाडे हेही याच विद्यार्थिवर्गातील होत.

विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून धर्मानंदांनी पाली वाङ्मयातील निवडक भाग देवनागरीत संपादित केले. 'बुद्धलीलासारसंग्रह' (१९१४) हा ग्रंथही याच काळातील आहे.

गुजरात विद्यापीठ

असहकाराच्या चळवळीत महात्मा गांधींनी १९२० मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठाची स्थापना केली. त्याच्या पुरातत्त्व मंदिरात धर्मानंद १९२२ ते १९२५ या काळात कार्यरत होते. मुनी जिनविजय, पंडित सुखलाल, बेचरदास दोशी आणि काका कालेलकर यांसारखी मंडळी त्या परिसरात होती. सरकारी मान्यता नसलेल्या आणि वेतन बेताचे असलेल्या या संस्थेत काम करण्याचा निर्णय त्यांनी अमेरिकेतून परतल्यावर लगेच घेतला. जैन पंडितांच्या सहवासामुळे जैन आगमांचा त्यांचा अभ्यास येथे वाढला. 'निवेदन', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय' ही पुस्तके याच सुमाराची होत.

लेनिनग्राड आणि मिठाचा सत्याग्रह

रशियन बौद्ध विद्याविशारद फ्योदोर श्चेरबात्स्की यांच्या नेतृत्वाखाली लेनिनग्राड येथे बौद्ध संस्कृतीच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली होती. १९२९ मध्ये धर्मानंद तेथे गेले. महायान पंथाच्या संस्कृत व तिबेटी ग्रंथांच्या अभ्यासात रशियन विद्वान अग्रेसर होते, तर पाली परंपरेतील अधिकारी म्हणून धर्मानंदांचे साहाय्य त्यांना हवे होते. समाजवादी राजवट प्रत्यक्ष पाहण्याची संधीही त्यांना यानिमित्ताने मिळाली. रशियातील शिक्षणप्रसार व समतेचे प्रयत्न त्यांना आवडले. हिंसेच्या मार्गाविषयी त्यांचे मत मात्र प्रतिकूलच राहिले.

१९३० मध्ये ते भारतात परतले, तेव्हा कायदेभंगाची चळवळ सुरू झाली होती. शिरोडे येथील मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि विलेपार्ले येथील सत्याग्रह छावणीतही काम केले. त्यांना अटक होऊन काही काळ तुरुंगवास घडला. सुटकेनंतर १९३१ मध्ये ते चौथ्यांदा हार्वर्डला गेले.

बहुजनविहार

चौथ्या अमेरिकावारीनंतर त्यांचा काही काळ काशीत गेला. 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' (१९३५) हा त्यांचा वैचारिक ग्रंथ याच काळातील आहे. त्यानंतर मुंबईच्या गिरणगावात, परळ-नायगाव भागात, कामगार व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी त्यांनी बहुजनविहार नावाचा आश्रम उभारला. त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांनी आर्थिक साहाय्य केले. बुद्धाचा उपदेश विद्यापीठांच्या बाहेर, ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. काही वर्षे तेथे राहून धर्मानंदांनी हे कार्य सोडले.

विचार

धर्मानंदांनी बुद्धचरित्राकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहिले. त्रिपिटकातील जुना भाग कोणता आणि नंतरची भर कोणती, याचा विवेक करून चमत्कार व दंतकथा बाजूला ठेवणे ही त्यांची पद्धत होती. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही प्रसिद्ध कथा त्यांनी नाकारली. सुत्तनिपातातील 'अत्तदण्ड सुत्ता'च्या आधारे त्यांनी असे दाखवले की, आप्तांमधील कलह व शस्त्रांची स्पर्धा पाहून सिद्धार्थाच्या मनात वैराग्य उत्पन्न झाले. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी या संदर्भात विचारात घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बुद्धचरित्रातही (१९५७) गृहत्यागाचे कारण म्हणून हा तंटा येतो.

प्राचीन काळातील श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी केलेल्या विवेचनामुळे जैन समाजातून तीव्र विरोध झाला. मूळ ग्रंथांत जे आढळते ते लपवणे संशोधकाला शोभत नाही, या भूमिकेवर ते ठाम राहिले. बौद्ध धर्मावर निष्ठा असूनही बुद्धाच्या आहाराविषयीचे पुरावेही त्यांनी त्याच तटस्थतेने मांडले.

'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' या ग्रंथात वैदिक काळापासून ब्रिटिश काळापर्यंतच्या भारतीय संस्कृतीचे परीक्षण आहे. अहिंसा आणि समाजवाद यांचा संयोग झाल्यावाचून मानवजातीचे कल्याण नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. बुद्ध, पार्श्वनाथ, मार्क्स व गांधी या चौघांच्या विचारांतील ग्राह्य अंश एकत्र आणण्याचा प्रयत्न त्यांच्या उत्तरकालीन लेखनात दिसतो.

लेखन

धर्मानंदांनी प्रामुख्याने मराठीत लिहिले. इंग्रजीत लिहून परदेशात कीर्ती मिळवणे त्यांना शक्य होते, पण मराठी वाचकासाठी लिहिणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. त्यांची भाषा साधी, लहान वाक्यांची व अलंकाररहित आहे. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांच्या जन्मापासून १९१२ पर्यंतची हकीकत येते. स्वतःचे दोष, दैन्य आणि कुटुंबाकडे झालेले दुर्लक्ष यांची त्यात मोकळेपणाने नोंद आहे. त्यामुळे मराठी आत्मचरित्रांत त्याला विशेष स्थान आहे. धर्मानंदांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

'भगवान बुद्ध' (१९४०-४१) हा त्यांच्या दीर्घ व्यासंगाचा परिपाक होय. साहित्य अकादमीने या ग्रंथाचे विविध भारतीय भाषांत अनुवाद प्रसिद्ध केले.

प्रमुख मराठी ग्रंथ:

बुद्ध, धर्म आणि संघ (१९१०)
बुद्धलीलासारसंग्रह (१९१४)
निवेदन (१९२४)
समाधिमार्ग (१९२५)
बौद्धसंघाचा परिचय (१९२६)
हिंदी संस्कृती आणि अहिंसा (१९३५)
भगवान बुद्ध (१९४०-४१)
बोधिसत्त्व (नाटक)
पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म (१९४९, मरणोत्तर)

अखेरचे दिवस

उतारवयात धर्मानंदांना आजारांनी ग्रासले. शरीर कामाला उपयोगी पडत नसेल तर इतरांवर भार होऊन जगू नये, असे त्यांचे मत बनले. जैन परंपरेतील सल्लेखनेचा विचार त्यांना पटला होता. १९४६ मध्ये त्यांनी अन्नत्यागास आरंभ केला, परंतु गांधींच्या आग्रहावरून तो थांबवला. पुढे ते सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले आणि तेथे पुन्हा प्रायोपवेशन सुरू केले. सुमारे महिनाभराच्या उपोषणानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत गांधींनी त्यांना आदरांजली वाहिली. पालीच्या अध्ययनासाठी भारतीय विद्यार्थ्यांना श्रीलंकेला पाठवावे, अशी इच्छा त्यांनी अखेरच्या काळात व्यक्त केली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने ते स्वतः गेले, ती वाट पुढच्या पिढीला कमी कष्टाची व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

वारसा

भारतातील विद्यापीठांत पालीच्या अध्यापनाची परंपरा रुजवणाऱ्यांत धर्मानंदांची गणना होते. कलकत्ता, पुणे व अहमदाबाद या तिन्ही ठिकाणी ते त्या कार्याच्या आरंभकाळात उपस्थित होते. कोणतीही संस्था त्यांनी कायमचे घर मानली नाही. कलकत्त्याची नोकरी, हार्वर्डचे काम आणि फर्ग्युसनचे प्राध्यापकपद ही पदे त्यांनी एकामागून एक सोडली. प्रत्येक वेळी कारण निराळे असले, तरी बुद्धवचनाचा अभ्यास व प्रसार हे उद्दिष्ट बदलले नाही. या जीवनक्रमाची किंमत त्यांच्या कुटुंबाला, विशेषतः बाळाबाईंना, मोजावी लागली.

स्वतः पदवी घेतली नसली, तरी मुलांच्या शिक्षणाबाबत ते दक्ष होते. माणिक यांनी अमेरिकेतील रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. दामोदर हे १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे गणित, नाणकशास्त्र व प्राचीन भारताचा इतिहास या क्षेत्रांत जगप्रसिद्ध झाले. विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या संस्कृत संग्रहाचे दामोदर कोसंबी व वा. वि. गोखले यांनी केलेले संपादन १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४२ वा खंड म्हणून निघाले. धर्मानंदांचा 'विसुद्धिमग्ग' हा त्याच मालेतील आधीचा, ४१ वा खंड होय.